पाणी : एका शब्दाची कुळकथा

मराठी घरात पहाटेपासून रात्री दिवे मालवेपर्यंत सर्वांत अधिक वेळा उच्चारले जाणारे नाम कोणते, असा प्रश्न कोणी केला तर उत्तरे निरनिराळी येतील. कोणी देवाचे नाव सांगेल, कोणी पैशाचे, तर एखादी गृहिणी मुलांची नावे सांगून कपाळाला हात लावील. माझे मत मात्र पाण्याच्या बाजूने आहे. पाणी आले का, पाणी भरले का, पाणी तापले का, पाण्याची बाटली घेतलीस का, तुळशीला पाणी घातले का, पाहुण्यांना पाणी दिले का, आणि शेवटी, अरे पाणी गेले! या एका शब्दावर आपला निम्मा दिवस चालतो. तरीही त्याच्याकडे आपण कधी निरखून पाहिलेले नसते. रोज ओलांडायच्या उंबरठ्याकडे कोण पाहतो?

आम्हा हैदराबादकरांना हा शब्द एकाच भाषेत ऐकू येत नाही. नल्लकुंट्यातल्या आमच्या गल्लीत नळाला धार लागली की तीन घरांतून तीन आरोळ्या उठतात. मराठी घरात ‘पाणी आलं’, शेजारच्या दखनी बोलणाऱ्या घरात ‘पानी आया’ आणि समोरच्या तेलुगू घरात ‘नीळ्ळु वच्चायि’. नळ एकाच वाहिनीचा, पाणी एकच. पण व्याकरणाच्या दृष्टीने पाहू गेल्यास तीन घरांत तीन निराळ्या वस्तू आल्या. मराठी घरात आली ती नपुंसकलिंगी एकवचनी, दखनी घरात आली ती पुल्लिंगी एकवचनी, आणि तेलुगू घरात तर चक्क अनेकवचनी! या तीन आरोळ्यांच्या मध्ये आपली मुले वाढतात. त्यांच्या तोंडी ‘पाणी आला’ आणि ‘पाणीत पडला’ अशी वाक्ये आताशा सर्रास येऊ लागली आहेत. म्हणून या शब्दाची कुळकथा एकदा सविस्तर सांगावी, असे वाटले.

प्रथम त्याचे मूळ पाहू. ‘पाणी’ हा शब्द संस्कृत ‘पानीय’ या शब्दापासून आला आहे, आणि गंमत अशी की ‘पानीय’ हे मुळात नाम नव्हेच. ‘पा’ म्हणजे पिणे. त्या धातूला ‘अनीय’ प्रत्यय लागून ‘पानीय’ झाले; जसे ‘दर्शनीय’, ‘वंदनीय’, ‘स्मरणीय’, तसेच हे. अर्थ इतकाच, की पिण्याजोगे. पिण्याजोगे काय, तर जल. पुढे पुढे विशेष्य गळून पडले आणि विशेषणच घरधनी होऊन बसले. ‘जलं पानीयम्’ यातले जल गेले, पानीय राहिले. या दृष्टीने पाहिले तर ‘पिण्याचे पाणी’ म्हणजे पिण्याचे पिण्याजोगे, आणि ‘समुद्राचे खारे पाणी’ म्हणजे न पिण्याजोगे पिण्याजोगे! भाषेला अशा विसंगतीची लाज वाटत नाही. शब्द एकदा रुळला की त्याचे पूर्वाश्रमीचे नाव कोणी विचारीत नाही.

‘पानीय’चे ‘पाणी’ कसे झाले, याचा मधला दुवा प्राकृतात आहे. दोन स्वरांमधला ‘न’ प्राकृतात ‘ण’ झाला, ‘य’ झिजला, आणि मधला दीर्घ ‘ई’ ऱ्हस्व झाला. ‘पाणिअ’ असे रूप बनले. हा ऱ्हस्व होण्याचा प्रकार प्राकृत वैयाकरणांच्या डोळ्यांत भरला. वररुचीने आपल्या ‘प्राकृतप्रकाश’ या ग्रंथात आणि पुढे बाराव्या शतकात हेमचंद्राने आपल्या व्याकरणात या बदलासाठी स्वतंत्र सूत्र केले. असा बदल होणाऱ्या शब्दांच्या गटाला नाव दिले ते ‘पानीयादि’, म्हणजे ‘पानीय वगैरे’. शाळेत हजेरीपटावर ज्याचे नाव पहिले त्याच्या नावाने तुकडी ओळखली जावी, तसे हे झाले. पाण्याला मिळालेला हा मान मला मोठा समर्पक वाटतो.

हिंदीने पुढे हा ‘ण’ पुन्हा ‘न’ केला, म्हणून तिकडे ‘पानी’. मराठी, गुजराती, पंजाबी, ओडिया या भाषांनी ‘ण’ सोडला नाही. आमची दखनी दक्षिणेत शतकानुशतके नांदली, तरी तिने उत्तरेचा ‘न’ जपला. ती ‘पानी’च म्हणते. दोन्ही घरांत तांब्या तोच. उच्चारताना जीभ टाळूला लागते की दातामागे, एवढाच काय तो फरक.

महाराष्ट्री प्राकृतात पाण्याचे किती कौतुक होते ते पाहायचे असेल तर सातवाहन हाल राजाच्या नावावर असलेली ‘गाथासप्तशती’ पाहावी. तीत एक पाणपोई आहे. वाटसरू ओंजळ करून पाणी पीत आहे, पण नजर वर लावून. आणि बोटांच्या फटींतून पाणी मुद्दाम गळू देत आहे. पाणी घालणारी तरुणीही काही कमी नाही. तिने धार बारीक, अधिकच बारीक केली आहे. तहान भागू नये अशी दोघांचीही इच्छा. पैठणच्या परिसरातली भाषा पाण्यासंबंधी इतक्या नाजुकपणे बोलत होती, ती आजची नव्हे, पंधराशे वर्षांहून जुनी. पुढे ज्ञानेश्वरीच्या काळातल्या मराठीत ‘पाणी’ आहेच, आणि त्याचे ‘पाणिया’ असे सामान्यरूपही आहे. हे रूप वाचकांनी ध्यानात ठेवावे, पुढे त्याचे काम पडणार आहे.

पाण्याचा गोतावळा मोठा आहे. पाणवठा, पाणथळ, पाणलोट, पाणबुडी, पाणकोंबडी, पाणचक्की हे सगळे समासात ‘ई’ टाकून ‘पाण’ एवढ्यावर भागवतात. डोळे पाणावतात, कढी पाणचट होते, माणूस पाणीदार असतो. आणि मग ती जोडनामे: चहापाणी, दाणापाणी, औषधपाणी, खर्चपाणी, पाऊसपाणी. यांत पाण्याचा अर्थ पातळ होत होत ‘आणि तत्सम जे काही लागेल ते’ एवढाच उरला आहे. चहापाण्याला बोलावलेल्या पाहुण्यापुढे नुसता चहा आणि पेलाभर पाणी ठेवले तर तो काय म्हणेल?

मात्र दिसायला सारखे ते सगळेच सगोत्र नव्हेत. गाईला पान्हा फुटतो त्या ‘पान्ह्या’चा पाण्याशी संबंध नाही, तो ‘प्रस्नव’ म्हणजे पाझरणे या शब्दातून आला. खायचे ‘पान’ हे ‘पर्ण’. उलट कैरीचे ‘पन्हे’ मात्र ‘पा’ धातूच्याच घराण्यातले मानतात, ते ‘पानक’. रामनवमीला आमच्याकडे तेलुगू घरांतून गूळ-मिऱ्याचे ‘पानकम्’ येते तेव्हा पन्ह्याचे हे मूळ रूप वाटीत घालून कोणी पोचते करावे, तसे मला वाटते.

आता प्रश्न असा, की संस्कृतात पाण्याला इतके शब्द असताना हे ‘पिण्याजोगे’ विशेषणच लोकांनी का उचलले? अमरकोशाच्या वारिवर्गात जलाची नावे मोजता मोजता दम लागतो. अप्, वारि, सलिल, जल, पयस्, उदक, अंभस्, तोय, पानीय, नीर, अंबु. ही सगळी घराबाहेर पडली ती निरनिराळ्या वाटांनी, आणि त्यांतल्या तिघांच्या वाटा पाहण्यासारख्या आहेत.

पहिला ‘उदक’. मराठीत तो देवघरात राहिला: गंगोदक, शुद्धोदक, तिळोदक. दान देताना हातावर पाणी सोडायचे म्हणून ‘उदक सोडणे’ म्हणजे हक्क सोडणे, आणि त्याचेच पुढे ‘पाणी सोडणे’ झाले. तेलुगूतही नेमका हाच वाक्प्रचार आहे, ‘नीळ्ळु वदलडम्’. तेथील वृत्तपत्रांत तर ‘तिलोदकालु’ देण्याचीही भाषा असते, आश्वासनांना! पण गोव्यात गेलात तर हे सोवळ्यातले उदक एकदम स्वयंपाकघरात भेटते. कोकणी माणूस तहान लागली की ‘उदक’ मागतो. आपल्याला जे मंत्रात ऐकायची सवय, ते तेथे तांब्यात.

याच उदकाचे चुलते फार दूरवर, युरोपच्या पश्चिम टोकाला राहतात. ‘उद’ हा मूळ शब्द समुद्रात आहे, उदधीत आहे. ग्रीक ‘हुदोर’, इंग्रजी ‘वॉटर’ आणि रशियन ‘व्होदा’ हे त्याचेच भाऊबंद. आयर्लंडच्या गेलिक भाषेत पाण्याला ‘इश्के’ म्हणतात, स्कॉटलंडच्या गेलिकमध्ये ‘उश्के’. विद्वानांनी तोही याच मुळाशी नेऊन जोडला आहे. त्या भाषेत ‘बॅहा’ म्हणजे जीवन, आणि तो शब्दही आपल्या ‘जीव’ या शब्दाच्या कुळातला. ‘इश्के बॅहा’ म्हणजे जीवनाचे उदक. या सात्त्विक नावाने तेथील लोक कोणते तीर्थ ओळखत, ते वाचकांच्या ध्यानात आले असेल. इंग्रजांनी नावाचा उत्तरार्ध गाळला, पूर्वार्ध मोडला आणि ‘व्हिस्की’ केली. रशियनांनीही ‘व्होदा’ला लाडाचा प्रत्यय लावून ‘व्होडका’ केलीच आहे. पाण्याच्या नावावर मद्य खपवण्याची युक्ती एका देशाची नाही. त्या गेलिक शब्दाच्या व्याकरणातही एक मौज आहे. प्राचीन आयरिश भाषेत आपल्यासारखी तीन लिंगे होती. पुढे नपुंसकलिंग लोपले आणि आज तेथे पाणी पुल्लिंगी आहे. शब्द स्वराने सुरू होणारा आणि पुल्लिंगी असला, तर निश्चयवाचक उपपदानंतर त्याच्या तोंडाला ‘ट’ चिकटतो. ‘इश्के’ म्हणजे पाणी, पण ‘अन टिश्के’ म्हणजे ‘ते पाणी’. आपण लिंग शब्दाच्या शेपटीवर दाखवतो, ते तोंडावर दाखवतात.

दुसरा ‘अप्’. संस्कृत शिकताना ज्यांनी ‘आपः’ची रूपे घोकली असतील त्यांना आठवेल, की हा शब्द स्त्रीलिंगी आणि सदैव अनेकवचनी. एकवचन त्याला नाहीच. (पत्नीला पुल्लिंगी अनेकवचनात ‘दाराः’ म्हणणाऱ्या भाषेकडून दुसरे काय अपेक्षावे?) हा ‘अप्’ इराणात गेला नाही, तेथे तो होताच, त्याचे फारसी रूप ‘आब’. पाच नद्यांचा पंजाब त्यातलाच. फारसीमार्फत हा जुना नातलग मराठीत पुन्हा आला तेव्हा त्याला कोणी ओळखले नाही. ‘गुल’ म्हणजे फूल आणि ‘आब’ म्हणजे पाणी, म्हणून ‘गुलाब’ म्हणजे खरे तर गुलाबपाणी. आपण ते फुलालाच नाव दिले. त्याच शब्दाचे अरबी वळण घेऊन आलेले रूप म्हणजे ‘जुलाब’. यावर अधिक न लिहिणे बरे. निजामाच्या राज्यात ज्या खात्याचा दरारा होता त्या ‘आबकारी’तही हेच आब, आणि तेथेही अर्थ मद्याचाच! गेलिक लोकांना एकटे हसण्यात अर्थ नाही. ‘आबरू’ म्हणजे चेहऱ्यावरचे पाणी. तीच आपली ‘अब्रू’. ‘आब राखणे’ यातला आबही तोच. आणि मग ध्यानात येते, की ‘पाणउतारा’ या अस्सल मराठी दिसणाऱ्या शब्दातही हीच कल्पना आहे. चेहऱ्यावरचे पाणी उतरले की माणसाची अब्रू गेली. (हैदराबादच्या ‘आबाद’मध्ये मात्र कोणी पाणी शोधू नये. ते ‘राखलेले, जोपासलेले’ अशा अर्थाच्या निराळ्या मुळातून आले असे तज्ज्ञ मानतात. आमच्या शहरात पाणी शोधायला इतर जागा पुष्कळ आहेत.)

तिसरा ‘नीर’. अमरकोशात ‘पानीय’ आणि ‘नीर’ हे शब्द अगदी लागून आले आहेत. ज्या शब्दातून मराठी ‘पाणी’ निघाला तो, आणि ज्याच्याशी तेलुगू ‘नीरु’ जुळतो तो, असे दोघे एका ओळीत भिंतीला भिंत लावून बसले आहेत. ‘नीर’ हा मुळात द्राविड कुळातला, तेथून संस्कृतने घेतला, असे भाषाशास्त्रज्ञ मानतात. कन्नडात ‘नीरु’, तमिळात ‘नीर’. थंडगार या अर्थाचे ‘तण्’ जोडून तमिळांनी ‘तण्णीर’ केले, आणि पुढे कसलेही पाणी तण्णीरच झाले. आपण पिण्याजोगेपणावरून नाव दिले, त्यांनी गारव्यावरून. तेलुगूत एकवचन ‘नीरु’ असले तरी बोलताना बहुधा त्याचे अनेकवचन ‘नीळ्ळु’च चालते. दूधही तसेच, ‘पालु’, अनेकवचनी. म्हणजे वैदिक ‘आपः’ची अनेकवचनाची सवय आज भारतात कोठे पाहायची असेल, तर ती संस्कृतच्या लेकींकडे नव्हे, आमच्या समोरच्या तेलुगू घरात पाहावी. यात एकीने दुसरीकडून घेतले असे मी म्हणत नाही. वाहती वस्तू अनेक म्हणून दिसणे हे दोन्हीकडे स्वतंत्रपणे सुचलेले असू शकते. पिण्याच्या पाण्याला तेलुगू माणूस ‘मंचिनीळ्ळु’ म्हणतो, चांगले पाणी. उन्हातून आलेला आमचा पोस्टमन दारात उभा राहून ‘मंचिनीळ्ळु’ मागतो तेव्हा तो ‘पानीय’च मागत असतो, दुसऱ्या भाषेत.

आमच्या पेठेच्या नावातही पाणी आहे. तेलुगूत ‘नल्ल’ म्हणजे काळे आणि ‘कुंट’ म्हणजे लहान तळे. हैदराबादी बोलीत नळाला ‘नल्ला’ म्हणतात, त्यामुळे येथे वाढलेल्या मुलांना नल्लकुंटा म्हणजे नळाचे तळे वाटते, आणि उन्हाळ्यात तो अर्थही काही वाईट नाही. पण मला या नावात दुसरेच काही दिसते. तेलुगू ‘नल्लकुंट’चे आपण ‘नल्लकुंटा’ केले, आणि आपण राहतो ते ‘नल्लकुंट्यात’. ‘नल्लकुंटात’ असे मराठी माणूस म्हणत नाही. परका शब्द आपल्या घरचा झाला, याची खूण त्याच्या सामान्यरूपात असते. भाषेचा सांगाडा येथे असतो, शब्दकोशात नव्हे.

आता त्या सांगाड्याकडे वळतो. ‘पाणी’चे लिंग नपुंसक, कारण ‘पानीयम्’ नपुंसक होते. मराठी, गुजराती आणि कोकणी यांनी संस्कृतची तिन्ही लिंगे राखली. हिंदीने नपुंसकलिंग सोडले, तेव्हा तिचे ‘पानी’ पुल्लिंगात जाऊन बसले. हैदराबादच्या मराठी मुलावर तिन्ही बाजूंनी दडपण येते. दखनी सांगते पुल्लिंग. तेलुगू सांगते अनेकवचन, आणि तिची लिंगव्यवस्थाच निराळी. एकवचनात ‘ती आली’ आणि ‘ते आले’ यांना तेथे क्रियापद एकच. इंग्रजी क्रियापदाला तर लिंगच नाही. उरला मराठी घराचा आधार. आणि त्या घरात पाण्याचे लिंग मुलाला ऐकू तरी किती वेळा येते?

हा प्रश्न मी मुद्दाम विचारतो, कारण येथे एक चमत्कारिक अडचण आहे. पाण्याला आपण लावतो ती विशेषणे आठवून पाहा. गार पाणी, थंड पाणी, गरम पाणी, कोमट पाणी, स्वच्छ पाणी, गढूळ पाणी. एकाही विशेषणाला लिंग नाही! ही सगळी न बदलणारी. लिंग दाखवणारी विशेषणे म्हणजे खारे, गोडे, ताजे, शिळे, उकळलेले, सांडलेले. आणि ती त्या मानाने थोडी. दिवसभर ‘गार पाणी, गरम पाणी’ ऐकणाऱ्या मुलाला ते नपुंसक आहे हे कळावे कसे? ते कळते फक्त क्रियापदावरून: आलं, गेलं, सांडलं, तापलं. त्या क्रियापदाच्या जागी आई-वडील घाईत ‘वॉटर आ गया’ म्हणू लागले, की शेवटचा धागाही तुटतो. म्हणून माझे पालकांना सांगणे असते, की निदान ‘पाणी सांडलं’ एवढे तरी मराठीत ओरडा. रागाच्या भरात उच्चारलेले नपुंसकलिंग मूल विसरत नाही.

सामान्यरूपाची कथा याहून अवघड आहे. राणी – राणीला, राणीचा; पण पाणी – पाण्याला, पाण्याचा. कानाला यमक जुळते, व्याकरण जुळत नाही. राणी स्त्रीलिंगी, तिचा ‘ई’ विभक्तीपुढे तसाच राहतो. पाणी, लोणी, दही हे ईकारान्त नपुंसकलिंगी. यांच्या ‘ई’चा विभक्तीपूर्वी ‘या’ होतो: पाण्यात, लोण्यात, दह्यात. हा ‘या’ आकाशातून पडलेला नाही. प्राकृतातल्या षष्ठीचे रूप झिजून सामान्यरूप झाले, असे अभ्यासक सांगतात. ‘पानीयस्य’चे ‘पाणिअस्स’, त्याचे जुन्या मराठीत ‘पाणिया’, आणि आपल्या तोंडी ‘पाण्या’. वर ध्यानात ठेवायला सांगितलेले रूप ते हेच. मूल ‘पाण्यात’ म्हणते तेव्हा, त्याला ठाऊक नसले तरी, दोन हजार वर्षांची एक विभक्ती त्या ‘ण्या’मध्ये जिवंत असते. ‘पाणीत’ म्हटले की ती गेली. हिंदीत ‘पानी में’ म्हणताना शब्द बदलत नाही, तेच वळण येथे घुसते. ‘पाणीमध्ये’ हे तर आता सुशिक्षित मोठ्या माणसांच्या तोंडीही ऐकू येते.

यावर काही मित्र म्हणतात, की तुम्ही फार कर्मठ. भाषा वाहती असते. मी तेवढा कर्मठ नाही. आमच्या घरात पाण्याच्या कळशीला ‘बिंदे’ म्हणतात; तो तेलुगू शब्द आहे आणि त्यात मला काही वावगे वाटत नाही. नळाला नल्ला म्हणा, तळ्याला कुंटा म्हणा. तेलुगू तर यायलाच हवी. २०१८ च्या कायद्याने तेलंगणातील शाळांत ती अनिवार्य झाली, ते योग्यच झाले. ज्या मातीत राहायचे तिची भाषा न शिकणे हा करंटेपणा होय. पण शब्द घेणे निराळे आणि रूप टाकणे निराळे. पाहुणा घरात आला म्हणून आपण घराचा वासा काढून देत नाही. बिंदे घरात आले, तरी पाणी ‘बिंद्यात’ भरले जाते, तोपर्यंत मला चिंता नाही.

वचनाबद्दल दोन शब्द. पाण्याचे अनेकवचन होत नाही असे आपण समजतो, आणि पेल्यातल्या पाण्यापुरते ते खरे आहे. पण स्वयंपाकघरात कान द्या. तांदूळ ‘तीन पाण्यांनी’ धुतले जातात. कपडे ‘दोन पाण्यांतून’ काढले जातात. शेतकरी ‘दोन पाण्यांत येणारे’ पीक सांगतो. येथे पाणी म्हणजे द्रव नव्हे, पाण्याची खेप. खेपा मोजता येतात, म्हणून पाणीही मोजता येते. जे मोजमाप व्याकरणाच्या पुस्तकात सापडत नाही ते आजीच्या हातात असते.

हैदराबादच्या पाण्याचीही थोडी हकीकत येथे सांगितली पाहिजे. २८ सप्टेंबर १९०८ रोजी मुसी नदीला महापूर आला आणि शहराची भीषण हानी झाली. त्यानंतर विश्वेश्वरय्यांना पाचारण करण्यात आले, आणि पूर अडवावा व शहराला पाणीही मिळावे अशा हेतूने तलाव बांधले गेले. मुसीवरचा उस्मानसागर १९२० साली पुरा झाला, तोच गंडीपेटचा तलाव. हिमायतसागर १९२७ साली. एकदा गंडीपेटचे पाणी प्यालेला माणूस हैदराबाद सोडून जात नाही, असे येथे म्हणत. आपल्यापैकी कित्येकांच्या आजोबा-पणजोबांना ते लागू पडले. मराठवाड्याचे पाच जिल्हे १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यातच होते. शिकायला, नोकरीला, वकिलीला म्हणून माणसे आली ती गंडीपेटचे पाणी पिऊन येथलीच झाली.

पुढे शहर वाढले, ते पाणी पुरेना. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मांजरेचे पाणी आले, २००४ साली कृष्णेचे, २०१५ साली गोदावरीचे. नकाशा उघडून पाहा. मांजरा उगम पावते बीड जिल्ह्यातल्या बालाघाटच्या डोंगरांत, कृष्णा महाबळेश्वरी, गोदावरी त्र्यंबकेश्वरी. तिन्ही आपल्या माहेरच्या. वाटेत त्यांना अनेक राज्यांची, अनेक ओढ्यांची पाणी मिळतात (पाहा, येथेही अनेकवचन झाले) आणि नल्लकुंट्यात पोचेपर्यंत त्या ‘नीळ्ळु’ झालेल्या असतात. आपणही तसेच आलो. फरक इतकाच, की नदीला आपले रूप आठवावे लागत नाही.

मुलांना हे रूप शिकवायचे कसे, असे पालक विचारतात. शाळेत मी विभक्तीचा तक्ता फळ्यावर लिहितो. तो परीक्षेला लागतो, आणि परीक्षेनंतर फळ्याबरोबर पुसला जातो. घरी येणाऱ्या शेजारपाजारच्या मराठी मुलांसाठी मी निराळा मार्ग धरला आहे. ‘पाणीत’ म्हणणारे मूल ‘पाणीची बाटली’ असे मात्र कधी म्हणत नाही. ते नेहमी ‘पाण्याची बाटली’च म्हणते, कारण तो जोडशब्द त्याने अख्खा उचललेला असतो, त्यात व्याकरण आहे याचा त्याला पत्ताही नसतो. तेथूनच आरंभ करावा. बाटली कशाची? पाण्याची. मग मासा कशात? क्षणभर मूल थांबते, ओठांची हालचाल होते, आणि ‘पाण्यात’ हे आपोआप बाहेर येते. त्याच ओघात गोळा कशाचा? लोण्याचा. माशी कशात पडली? लोण्यात. कवडी कशाची? दह्याची. चार दिवसांत चार शब्द बसतात. परवा एका सहा वर्षांच्या मुलीला मी विचारले, की तुझे मामा राहतात त्या गावाचे नाव काय? ती म्हणाली, कोटी. कोटी म्हणजे आमच्या शहरातला सुप्रसिद्ध बाजार. मामा कोठे राहतात? ‘कोट्यात,’ ती म्हणाली, आणि मी हसलो तशी माझ्याकडे रागाने पाहू लागली. कोटी स्त्रीलिंगी की नपुंसक, हे आता तिला समजावून द्यायचे आहे.